ऑस्ट्रोगॉथांचं राज्य टिकलं असतं तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीत ४९३ पासून पुढे जेमतेम साठ वर्षं ऑस्ट्रोगॉथांचं राज्य होतं. ते टिकलं असतं तर युरोप कसा घडला असता, हा पर्यायी इतिहासाच्या वाचकांचा आवडता विषय आहे. त्यावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगतो: हे राज्य रणांगणावर हरलं त्याच्या बरंच आधी वारसाच्या प्रश्नावर हरलं होतं. ते वाचवायचं तर लढायांच्या नकाशाआधी राजघराण्याची वंशावळ उघडावी लागते.

ऑस्ट्रोगॉथ म्हणजे कोण, आणि ते इटलीत आले कसे?

गॉथ हे जर्मानिक भाषा बोलणारे लोक. त्यांच्यातला एक मोठा गट हूणांच्या अमलाखाली होता. ४५३ मध्ये अट्टिला मेला, हूणांची सत्ता विस्कटली आणि ही मंडळी मोकळी होऊन डॅन्यूबच्या काठाने, पूर्व रोमन साम्राज्याच्या उंबरठ्यावर वावरू लागली. अमाल हे त्यांचं राजघराणं. त्यातला थिओडोरिक लहानपणी तहाची हमी म्हणून साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, ओलीस गेला आणि तिथे दहाएक वर्षं राहिला. साम्राज्य आतून कसं चालतं हे त्याने तिथे पाहिलं. पुढे ४८४ मध्ये तो कॉन्सलही झाला; हे रोमचं वर्षभराचं, सर्वांत मानाचं पद.

सम्राट झेनोला हा दांडगा शेजारी नकोसा झाला होता. इटलीत तेव्हा ओडोअकर राज्य करत होता. ४७६ मध्ये रोम्युलस ऑगस्टुलसला गादीवरून उतरवणारा तो हाच. झेनोने थिओडोरिकला त्याच्यावर धाडलं. ४८८ मध्ये बायकामुलं, गाड्या, गुरंढोरं घेऊन गॉथ निघाले. इसोन्झो नदी, व्हेरोना, अड्डा नदी अशा लढाया झाल्या, ओडोअकरच्या राजधानीला, राव्हेनाला, तीन वर्षं वेढा पडला. शेवटी ४९३ मध्ये दोघांनी मिळून राज्य करण्याचा तह झाला आणि काही दिवसांतच थिओडोरिकने मेजवानीत ओडोअकरला स्वतःच्या तलवारीने कापलं. त्याच्या राज्याचं कौतुक करताना ही सुरुवात विसरू नये.

हे राज्य वाचवण्याच्या लायकीचं होतं का? शेवटी ‘रानटी’ टोळीच ना?

माझ्या मते पश्चिम युरोपात त्या काळी याहून बरं राज्य नव्हतं. थिओडोरिकने रोमन कारभार मोडला नाही. फौज गॉथांची, दफ्तर रोमनांचं, अशी वाटणी होती. करवसुली, न्यायदान, सिनेट, दरवर्षीचे कॉन्सल, सगळं चालू राहिलं. गॉथ शिपायांना जमिनी वाटण्याचं नाजूक काम लिबेरियस या रोमन अधिकाऱ्याने केलं, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्याच वर्गातल्या रोमन लेखकांनी त्याला वाखाणलं.

या कारभाराची नाडी कॅसिओडोरसने जपलेल्या पत्रांत सापडते. तो दरबारचा मोठा अधिकारी. राजांच्या आणि स्वतःच्या नावाने लिहिलेली सरकारी पत्रं त्याने बारा भागांत एकत्र केली. एका पत्रात कोमो शहरातून चोरीला गेलेला ब्राँझचा पुतळा शोधून देणाऱ्याला शंभर सोन्याच्या नाण्यांचं बक्षीस आहे. दुसऱ्यात तत्त्वज्ञ बोएथियसला सांगितलंय की बर्गंडीच्या राजाला भेट द्यायला एक सूर्यघड्याळ आणि एक पाणघड्याळ करवून घे. जेनोआच्या ज्यूंना सिनेगॉगचं छप्पर पुन्हा घालायची परवानगी देताना राजा लिहितो, ‘धर्माची आज्ञा आम्ही देऊ शकत नाही, कारण मनाविरुद्ध श्रद्धा ठेवायला कुणालाही भाग पाडता येत नाही.’ त्याच पत्रात बांधकाम वाढवू नका अशी अटही आहे, तेव्हा ही आजच्या अर्थाची समानता नव्हे. पण सहाव्या शतकातल्या किती राजांच्या दफ्तरातून असं वाक्य बाहेर पडलं असेल?

रोममध्ये थिओडोरिकच्या नावाचा शिक्का मारलेल्या विटा सापडतात. टेराचिनाजवळचा एक शिलालेख पाँटाइन दलदलीतलं पाणी काढून जमीन लागवडीखाली आणल्याचं सांगतो. मोडकळीला आलेलं पाँपेचं नाट्यगृह दुरुस्त करायला सरकारी तिजोरीतून पैसे दिले गेले. मोडलेलं जोडत राहायचं, हा या राजवटीचा स्वभावच होता आणि मला ती आवडते ती यासाठीच.

मग थिओडोरिक सम्राट का झाला नाही?

गरज नव्हती आणि धोका होता. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाला मान द्यायचा आणि इटलीत स्वतः राज्य करायचं, या तडजोडीवर सगळा डोलारा उभा होता. ४९७ मध्ये सम्राट अनास्तासियसने त्याला मान्यता दिली आणि ओडोअकरने पूर्वी धाडून दिलेली राजचिन्हं परत पाठवली. सोन्याच्या नाण्यांवर सम्राटाचंच नाव राहिलं. पुढे साम्राज्याशी युद्ध पेटल्यावर गॉथांचा राजा टोटिला याने सम्राट जस्टिनियनचं नाव काढलं, पण स्वतःचं घातलं नाही; ५१८ मध्येच वारलेल्या अनास्तासियसचं नाव घातलं. आमचा तंटा साम्राज्याशी नाही, या सम्राटाशी आहे, हे तो नाण्यांतून सांगत होता.

राज्य बुडालं कसं? थोडक्यात सांगा.

थिओडोरिक ३० ऑगस्ट ५२६ रोजी वारला. मुलगा नव्हता. मुलगी अमालासुंथा हिचा लहान मुलगा अथालारिक गादीवर आला आणि कारभार तिने पाहिला. ती शिकलेली होती आणि मुलाला रोमन पद्धतीने शिकवू पाहत होती. सरदारांना ते खपलं नाही. मास्तरच्या पट्ट्याला भ्यायलेलं पोर उद्या भाल्यासमोर काय उभं राहणार, हे त्यांचं म्हणणं. मुलगा त्यांनी ताब्यात घेतला, तो व्यसनात बुडाला आणि ५३४ मध्ये गेला. अमालासुंथाने आतेभाऊ थिओडाहाडला सहराजा केलं. त्याने तिला बोल्सेना सरोवरातल्या बेटावर कैदेत टाकलं आणि ५३५ मध्ये तिचा खून झाला.

जस्टिनियनला निमित्त हवंच होतं. त्याचा सेनापती बेलिसारियस नुकताच आफ्रिकेतलं व्हँडलांचं राज्य जिंकून आला होता. ५३५ मध्ये तो साडेसात हजार माणसांनिशी सिसिलीत उतरला. ५३६ मध्ये नेपल्स पडलं, थिओडाहाड मारला गेला, विटिगेस राजा झाला, आणि डिसेंबरात बेलिसारियस रोममध्ये शिरला. एक वर्ष नऊ दिवस चाललेला रोमचा वेढा गॉथांच्या हाती काही लागू न देता उठला. ५४० मध्ये राव्हेना गेलं. ५४१ नंतर टोटिलाने जवळजवळ सगळी इटली परत घेतली. ५५२ मध्ये मध्य इटलीत टागिनेच्या लढाईत तो पडला, त्याच्या मागून आलेला टेया काही महिन्यांत व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या लढाईत पडला. व्हेरोना आणि ब्रेशिया मात्र ५६१-६२ पर्यंत झुंजत होते.

इतिहासाला वळण नेमकं कुठे द्यावं?

बहुतेक लोक टागिनेपासून सुरुवात करतात, कारण लढाई रंगवायला सोपी. मला ती जागा सगळ्यात कच्ची वाटते. तोवर मुलूख उजाड झाला होता, तिजोरी रिती होती, सिनेटच्या घराण्यांचा विश्वास उडाला होता. त्याआधीच्या तीन जागा मला खऱ्या वाटतात.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी: युथारिक जगला असता तर. हा अमालासुंथाचा नवरा, अमाल रक्ताचा, स्पेनमधून शोधून आणलेला. थिओडोरिकने त्याला वारस म्हणून तयार केलं. ५१९ मध्ये तो खुद्द सम्राट जस्टिनच्या जोडीने कॉन्सल होता आणि जस्टिनने त्याला शस्त्रपुत्र, म्हणजे शस्त्रं देऊन मानलेला मुलगा, केलं होतं. म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची मान्यता खिशात, गॉथ सरदारांना चालेल असा लढवय्या, आणि रोममध्ये थाटात खेळ भरवून लोकांना खूश केलेला. तो ५२२ च्या सुमारास, थिओडोरिकच्या आधीच गेला. थोरले माधवराव आणखी वीस वर्षं जगते तर, ही हळहळ मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. कर्ता माणूस गेला, मागे अजाण पोर राहिलं, आणि पोराभोवती गट पडले. युथारिक असता तर ५२६ मध्ये जाणता, कर्ता राजा गादीवर बसला असता. अमालासुंथाला सरदारांशी झुंजावं लागलं नसतं, थिओडाहाड टस्कनीत शेजाऱ्यांच्या जमिनी लाटत बसला असता आणि जस्टिनियनला खुनाचा जाब विचारायचं निमित्त मिळालं नसतं. निमित्त शोधणारा शोधतोच, हे खरं. पण एकसंध राज्यावर साडेसात हजारांनिशी कुणी उतरत नाही.

दुसरी जागा ५४० ची. राव्हेनाला वेढा पडला असताना जस्टिनियनने तहाचा खलिता धाडला होता: पो नदीच्या उत्तरेचा मुलूख गॉथांकडे, दक्षिणेचा साम्राज्याकडे, खजिना अर्धा अर्धा. पर्शियाचा खुस्रो पूर्वेत चालून येत होता आणि सम्राटाला फौज तिकडे हवी होती. गॉथ तयार होते. बेलिसारियस सही करेना. तेव्हा गॉथांनी त्यालाच पश्चिमेचा सम्राट होण्याची गळ घातली. त्याने होकाराचं सोंग केलं, शहरात शिरला आणि विटिगेसला कैद केलं. त्याच वर्षी खुस्रोने अँटिओक लुटलं. एका सेनापतीची सही झाली असती तर उत्तर इटलीत गॉथांचं एक आटोपशीर राज्य राहिलं असतं: पाव्हिया, व्हेरोना, मिलानचा परिसर, आल्प्सच्या खिंडींतली ठाणी. गॉथांची वस्ती मुख्यतः तिथेच होती. सगळ्या पर्यायांत हा सर्वांत कमी कल्पनेचा, कारण मसुदा तयार होता.

तिसरी जागा लोक विसरतात. ५५० मध्ये जस्टिनियनने आपला नात्यातला भाऊ जर्मेनस याला इटलीच्या मोहिमेवर नेमलं. त्याने लग्न कुणाशी केलं होतं? माटासुंथाशी: अमालासुंथाची मुलगी, थिओडोरिकची नात, विटिगेसची विधवा. ही बातमी पोचल्यावर गॉथ बुचकळ्यात पडले, थिओडोरिकच्या वंशावर शस्त्र कसं उचलायचं, असं त्या युद्धाचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. जर्मेनस वाटेतच आजारी पडून वारला. त्यांचा मुलगा बापाच्या मृत्यूनंतर जन्मला. जर्मेनस राव्हेनाला पोचला असता तर कदाचित तलवार न उपसता एक गॉथ-रोमन घराणं इटलीत बसलं असतं. कादंबरी लिहायची असेल तर मी इथून सुरुवात करेन.

टागिनेला टोटिला जिंकला असता तर काहीच बदललं नसतं का?

काही वर्षं मिळाली असती. समोरचा सम्राटाचा सेनापती नार्सेस याची फौज मोठी होती, तिच्यात लोम्बार्ड या जर्मानिक लोकांचे साडेपाच हजार जण होते, आणि तिला पगार वेळेवर मिळत होता, जे बेलिसारियसच्या नशिबी क्वचितच आलं. टोटिलाचे घोडेस्वार भाले घेऊन थेट तिरंदाजांच्या चंद्रकोरीत घुसले. समजा नार्सेस हरला. तरी टोटिला आधीच सिसिली आणि डाल्मेशिया सोडायला आणि खंडणी द्यायला तयार होता, म्हणजे त्यालाही आपली दमछाक कळत होती. जस्टिनियन तेव्हा सत्तरीला आला होता आणि ५६५ पर्यंत जगला. तह झाला असता तो त्याच्या पश्चात.

बोएथियसला मारणारा राजा चांगला कसा?

हा डाग पुसता येत नाही. बोएथियस मोठा अधिकारी होता, ५२२ मध्ये त्याचे दोन्ही मुलगे एकाच वर्षी कॉन्सल झाले होते. वर्ष-दीड वर्षात तो राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होता आणि ५२४ च्या सुमारास त्याला ठार मारलं. पाठोपाठ त्याचा सासरा सिमॅकस. पोप पहिला जॉन ५२६ मध्ये राव्हेनात अटकेत मेला.

यामागची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ४८४ ते ५१९ या काळात रोमचं चर्च आणि कॉन्स्टँटिनोपलचं चर्च यांच्यात फूट होती. तोवर रोमच्या धर्मगुरूंना गॉथ राजाचा आडोसा हवा होता. ५१९ मध्ये फूट मिटली आणि सिनेटच्या मंडळींना पूर्वेशी मोकळेपणाने पत्रव्यवहार करता येऊ लागला. म्हाताऱ्या राजाला त्यात कट दिसला. नेमका त्याच सुमारास युथारिक गेला. वारस नाही, भोवती संशय. म्हणून मी म्हणतो की सगळे धागे वारसापाशी येतात.

आणि नुकसान केवढं! प्लेटो आणि ॲरिस्टॉटल पूर्ण लॅटिनमध्ये आणायचा बोएथियसचा संकल्प होता. तर्कशास्त्राचे काही ग्रंथच झाले आणि पश्चिम युरोपने बाराव्या शतकापर्यंत ॲरिस्टॉटल म्हणून मुख्यतः तेवढंच वाचलं. त्याला आणखी वीस वर्षं द्या आणि मध्ययुगाची ग्रंथसंपदाच बदलते. कॅसिओडोरस आणि पोप अगापेटस यांनी रोममध्ये धर्मशास्त्राची विद्यापीठासारखी शाळा काढायचं ठरवलं होतं, तेही युद्धाने बारगळलं. पर्यायी इतिहासातलं माझ्या लेखी सर्वांत मौल्यवान फळ हे आहे. सीमारेषा कुठून गेल्या असत्या हे त्यानंतर.

धर्माचं काय? गॉथ एरियन होते ना?

हो. ख्रिस्त हा देवपित्याच्या बरोबरीचा नाही, असं मानणारा हा पंथ. रोमन प्रजा कॅथलिक. चर्च वेगळी, बिशप वेगळे, राव्हेनात बाप्तिस्म्याच्या इमारतीसुद्धा दोन. तरीही ४९८ मध्ये पोपपदावर दोघांनी हक्क सांगितला तेव्हा दोन्ही पक्ष निवाड्यासाठी या एरियन राजाकडेच आले.

राज्य टिकलं असतं तर गॉथ दोनेक पिढ्यांत कॅथलिक झाले असते असं मला वाटतं. स्पेनमधल्या व्हिसिगॉथांचा दाखला समोर आहे: राजा रेकारेड कॅथलिक झाला आणि ५८९ च्या टोलेडोच्या धर्मसभेत राज्याने तो पंथ स्वीकारला. बर्गंडीचा सिगिसमुंड तर त्याआधीच वळला होता. प्रजा नव्वद टक्क्यांहून जास्त दुसऱ्या पंथाची, तिथे राजघराणं किती दिवस वेगळं राहणार? इतिहासकारांच्या अंदाजाने इटलीतले सगळे गॉथ मिळून लाखाच्या आसपास होते.

रोम शहर वाचलं असतं का?

पूर्वीचं दहा लाखांचं रोम कधीच संपलं होतं. पण थिओडोरिक ५०० मध्ये रोमला आला तेव्हा ते जिवंत, गजबजलेलं शहर होतं. सर्कस मॅक्सिमसमध्ये रथांच्या शर्यती होत, लोकांना धान्य वाटलं जाई. त्याची कंबर मोडली ती ‘रोमची सुटका’ करायला आलेल्या युद्धाने.

५३७ च्या वेढ्यात गॉथांनी शहरात येणाऱ्या जलवाहिन्या तोडल्या; प्रोकोपियस त्या चौदा मोजतो. पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या चक्क्या बंद पडल्या. बेलिसारियसने टायबर नदीत होड्या दोराने बांधून, त्यांच्यामध्ये चाकं लावून तरंगत्या चक्क्या सुरू केल्या. गॉथांनी वरून ओंडके आणि प्रेतं सोडली, तर याने पुलाजवळ लोखंडी साखळ्या ताणून ती अडवली. हेड्रियनच्या समाधीवरचे संगमरवरी पुतळे फोडून शिबंदीने ते खालच्या हल्लेखोरांवर टाकले. ५४६ च्या डिसेंबरात टोटिला शहरात शिरला तेव्हा सामान्य लोकांपैकी पाचशेच उरले होते, असं प्रोकोपियस सांगतो. ओलीस ठेवलेल्या तीनशे रोमन मुलांना पुढे टेयाने मारलं, म्हणजे सिनेटच्या घराण्यांची पुढची पिढीही संपली.

युद्ध नसतं तर रोम हळूहळू लहान झालंच असतं. आफ्रिकेचं धान्य पूर्वीसारखं येत नव्हतं आणि दरबार राव्हेनात होता. पण सिनेट आणखी शंभर वर्षं तरी नांदतं, जलवाहिन्या डागडुजीवर चालत्या, खाजगी ग्रंथसंग्रह जळते ना.

५३६ चं अंधारलेलं वर्ष आणि ५४१ चा प्लेग तर टळला नसता?

नाही टळला असता, आणि पर्यायी कथा लिहिणारे हे हमखास गाळतात. ज्वालामुखीच्या राखेने ५३६ मध्ये सूर्य मंदावला. कॅसिओडोरसने त्याचं वर्णन केलंय: सूर्य निळसर दिसतो, भर दुपारी सावली पडत नाही, उन्हाळ्याला ऊब नाही. पण त्याच पत्रात उपायही आहे. गेल्या वर्षीच्या भरघोस पिकाचा साठा बाहेर काढा, असा हुकूम तो देतो. शांततेत हे जमलं असतं. प्रत्यक्षात फौजांनी पेरण्या तुडवल्या, आणि इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एकट्या पिसेनम प्रांतात पन्नास हजार शेतकरी उपासमारीने मेल्याचा आकडा प्रोकोपियस देतो. त्याचे आकडे फुगलेले असतात (मिलानमध्ये तीन लाख पुरुष कापल्याचं तो लिहितो, ते अशक्य आहे), पण दुष्काळ त्याने डोळ्यांनी पाहिला होता.

प्लेग बंदरांतून आलाच असता. त्याने गॉथांना मारलं असतं तसं रोमनांनाही. मोजक्या संख्येच्या योद्ध्यांवर उभ्या राज्याला तो फटका जिव्हारी लागला असता, आणि रोमनांना फौजेत घेतल्यावाचून गत्यंतर उरलं नसतं. माझ्या अंदाजाने दोन समाज एक होण्याची सुरुवात तिथून झाली असती.

लोम्बार्ड आणि फ्रँक यांचं काय?

लोम्बार्ड ५६८ मध्ये अल्बोइनच्या मागोमाग इटलीत उतरले आणि ईशान्येचा दरवाजा त्यांना जवळपास उघडाच मिळाला. वीस वर्षांच्या युद्धाने लोक आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले. गॉथ ठाणी खिंडींत शाबूत असती तर अल्बोइनचं काम अवघड होतं. शिवाय त्याच्या माणसांनी इटलीची वाट नार्सेसच्या चाकरीतच पाहिली होती. अवार हे पूर्वेकडचे भटके घोडेस्वार मात्र डॅन्यूबवर आलेच असते आणि लोम्बार्डांना कुठेतरी सरकावं लागलंच असतं. त्यांच्यातले बरेच गॉथ राजाचे भाडोत्री शिपाई झाले असते, असं मला वाटतं.

खरा वैरी फ्रँक, म्हणजे आल्प्सपलीकडे गॉलमध्ये, आजच्या फ्रान्समध्ये, राज्य करणारे. थिओडोरिकला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून त्याने त्यांचा राजा क्लोव्हिस याच्या बहिणीशी लग्न केलं, मुली व्हिसिगॉथ आणि बर्गंडियन राजघराण्यांत दिल्या, बहीण व्हँडल राजाला, भाची थुरिंजियाच्या राजाला. सोयरिकींचं हे जाळं त्याच्या हयातीतच उसवू लागलं. विटिगेसला तर फ्रँकांना गप्प बसवायला प्रोव्हान्स आणि दोन हजार पौंड सोनं द्यावं लागलं, तरी ५३९ मध्ये फ्रँक राजा थिओडेबर्ट इटलीत घुसलाच. टिकलेल्या गॉथ राज्याचं सातवं शतक आल्प्सवर फ्रँकांशी झगडण्यात गेलं असतं. स्पेनची साथ मिळण्याची शक्यता होती. तिथे ५३१ ते ५४८ थ्यूडिस राजा होता, तो मूळचा थिओडोरिकचाच माणूस, आणि गॉथांचा राजा इल्डिबाड त्याचा पुतण्या किंवा भाचा.

पोपचं राज्य निर्माण झालं असतं का?

बहुधा नाही. एकीकडे लोम्बार्ड, दुसरीकडे दुबळं झालेलं बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) राव्हेना, अशा कात्रीत सापडल्यामुळे पोपांना स्वतः शहराचं अन्नपाणी आणि संरक्षण बघावं लागलं, आणि आठव्या शतकात त्यांनी फ्रँक राजा पेपिनला हाक मारली. बलवान राजा राव्हेनात असता तर रोमचा बिशप मोठ्या मानाचा, पण प्रजेतलाच राहिला असता. मग ८०० मध्ये पेपिनचा मुलगा शार्लमेन याला सम्राटाचा मुकुट कोण घालतं? या एका प्रश्नापाशी मध्ययुगाचं अर्धं राजकारण वेगळं वळण घेतं.

बायझंटाइन साम्राज्याचा फायदा झाला असता की तोटा?

फायदा, असं माझं ठाम मत. अनास्तासियसने मरताना तीन लाख वीस हजार पौंड सोनं तिजोरीत ठेवलं होतं. इटलीने माणसं आणि पैसा गिळला, आणि हाती आली ती उजाड भूमी, तीही चौदा वर्षांत लोम्बार्डांनी बरीचशी घेतली. तोच पैसा डॅन्यूबच्या तटबंदीवर आणि पर्शियाच्या सीमेवर लागला असता. पुढे सातव्या शतकात अरब फौजांपुढे साम्राज्य टिकलं असतं का, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगू नये. ५४० मधला एक बदल शंभर वर्षांनी कुठे पोचतो हे सांगणारा माणूस अंदाज सांगतो, इतिहास नव्हे.

आज इटलीत गॉथिक भाषा बोलली गेली असती का?

नाही. स्पेनमध्ये गॉथांचं राज्य ७११ पर्यंत टिकलं, तरी स्पॅनिश ही लॅटिनचीच लेक आहे. इटलीतही तेच झालं असतं. थोडे शब्द आणि पुष्कळ विशेषनामं उरली असती.

पण गॉथिक ग्रंथ जास्त वाचले असते. स्वीडनमधल्या उप्साला इथे जपलेलं रुपेरी बायबल, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेलं, थिओडोरिकच्या इटलीतलं मानलं जातं. मूळ ३३६ पानांपैकी तिथे १८७ आहेत. मला त्याहून हलवून जातो तो ५५१ चा राव्हेनातला एक पपायरस. गॉथ चर्चचे धर्मगुरू कर्जापायी दलदलीची जमीन विकतायत, आणि त्या लॅटिन दस्तावर काहींनी सही करताना चार ओळी गॉथिकमध्ये लिहिल्या आहेत. शहर तेव्हा अकरा वर्षं सम्राटाच्या ताब्यात होतं. तरी भाषा रोजच्या व्यवहारात होती.

गॉथांच्या खुणा आज कुठे दिसतात?

राव्हेनात. थिओडोरिकची समाधी उभी आहे. तिचं छत म्हणजे इस्ट्रियाहून आणलेला सुमारे दहा मीटर व्यासाचा एकसंध दगड. तो वर कसा चढवला यावर अजून वाद आहे. सांत आपोलिनारे नुओव्हो हे त्याने बांधलेलं चर्च. तिथल्या मोझॅकमध्ये राजवाड्याच्या कमानींत पूर्वी माणसं होती. चर्च कॅथलिकांकडे गेल्यावर ती काढून जागी पडदे बसवले. पण खांबांवर आलेले काही हात तसेच राहिले. जवळ जाऊन पाहिलं तर पांढऱ्या खांबावर मनगटासकट बोटं स्पष्ट दिसतात.

या विषयावर कथा लिहायची आहे. काय सांभाळू?

गॉथांना निरागस आणि बायझंटाइनांना खलनायक करू नका. ५३९ मध्ये मिलान उद्ध्वस्त करणारे गॉथ आणि त्यांच्या बाजूचे बर्गंडियन होते. इटलीची रोमन प्रजा एका बाजूला उभी करू नका. नेपल्समध्ये ज्यू शेवटपर्यंत गॉथांच्या बरोबरीने तटावर लढले, रोमने बेलिसारियसला दार उघडलं, आणि बहुतेक शेतकऱ्यांना दोन्ही फौजा सारख्याच नकोशा होत्या. टोटिलाने कुळांकडून जमीनदाराचा वाटाही आपणच घेतला आणि पळून आलेल्या गुलामांना फौजेत ठेवलं. वेढ्यातल्या रोमहून बोलणीला आलेल्या दूताला त्याने गुलाम परत देणार नाही असं साफ सांगितलं. एका जमीनदाराचं, त्याच्या कुळाचं आणि त्या पळालेल्या गुलामाचं, तिघांचं टिकलेल्या गॉथ राज्यात काय झालं असतं, ते आधी ठरवा. राजा कोण हे त्यानंतर ठरवलं तरी चालेल.